टाकळीची गोगलगाय

१

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. पाऊस अजून धड सुरू झाला नव्हता. नागपूरच्या आमच्या चर्चमध्ये उपासना संपल्यावर मी संडे स्कूलचा वर्ग घेत होते. पाठ होता उत्पत्तीचा पहिला अध्याय. फळ्यावर सात चौकोन आखले होते. पहिल्यात प्रकाश, दुसऱ्यात आकाश, तिसऱ्यात जमीन आणि झाडं, चौथ्यात सूर्य-चंद्र-तारे, पाचव्यात मासे आणि पक्षी, सहाव्यात जनावरं आणि माणूस, सातवा विसाव्याचा. एका दहा वर्षांच्या मुलीने हात वर केला.

"ताई, डायनासोर कितव्या दिवशी?"

"जमिनीवरची जनावरं सहाव्या दिवशी," मी म्हटलं.

"म्हणजे माणसाच्याच दिवशी? मग आदामाने त्यांना पण नावं ठेवली?"

वर्गात हशा पिकला. तिला 'नावं दिली' म्हणायचं होतं. मीही हसले, पण मला उत्तर सुचेना. हातातल्या पाठपुस्तिकेत उत्तर होतं. पृथ्वीचं वय सुमारे सहा हजार वर्षं, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं. ते मोठ्याने वाचून दाखवायला माझी जीभ रेटेना. "पुढच्या रविवारी सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनी पुण्याची, पण बाबा गेल्यापासून महिन्यातले निम्मे दिवस मी नागपूरला आईजवळ राहून काम करते. वर्ग घ्यायला मी आनंदाने तयार झाले होते असं नाही. आईने तीनदा विचारलं, चौथ्यांदा नाही म्हणवेना. देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या जूनमध्ये मला कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता.

त्या रात्री बाबांच्या टेबलाशी बसले. टेबलावर लाइट बिलांच्या गठ्ठ्यावर एक दगड अजून तसाच ठेवलेला आहे. काळपट, गारगोटीसारखा गुळगुळीत, आणि त्यात अंगठ्याच्या पेराएवढी पांढरट गोगलगाय. बाबा पाटबंधारे खात्यात सर्वेअर होते. कुठल्याशा विहिरीच्या खोदकामातून त्यांनी तो दगड आणला होता. लहानपणी मी विचारलं की ते सांगायचे, "ही टाकळीची गोगलगाय. हिस्लॉपसाहेबाची." गोगलगाय डावखुरी आहे, म्हणजे बहुतेक शंख-शिंपल्यांचा वेढा ज्या दिशेने जातो त्याच्या उलट हिचा जातो, हेही त्यांनीच मला दाखवलं होतं.

हिस्लॉप म्हणजे माझ्यासाठी तोवर कॉलेजचं नाव होतं. बाबा तिथेच शिकले. साहेब कोण, आणि त्याचा गोगलगायीशी काय संबंध, हे मी कधी विचारलं नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीला उत्तर द्यायचं म्हणून शोधायला बसले आणि दोन महिने त्यातच गेले.

२

स्टीफन हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स या गावचा. तो तरुण असताना त्याच्या देशात धर्माचं एक मोठं भांडण पेटलेलं होतं. मंडळीचा पाळक कोण असावा हे तिथल्या जमीनदाराने ठरवायचं, की मंडळीने? मे १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाळक आपली घरं आणि पगार सोडून राष्ट्रीय चर्चमधून बाहेर पडले. त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. हिस्लॉप त्या बाहेर पडलेल्यांच्या बाजूचा. फ्री चर्चचा मिशनरी म्हणून तो १८४४ च्या अखेरीस मुंबईला उतरला आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपूरला पोचला. तेव्हा इथे तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य होतं, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट होता आणि कामठीला इंग्रजांची छावणी. हिस्लॉप मराठी शिकला आणि १८४६ मध्ये त्याने शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हा सहकारी येऊन मिळाला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हिस्लॉप इथे दगड शोधायला आला नव्हता, लोकांना ख्रिस्ती करायला आला होता. कंपनी सरकारच्या सावलीत आला होता, हेही खरं. माझ्या एका मित्राला मी हा लेख लिहितेय म्हटल्यावर तो पटकन म्हणाला, "म्हणजे साहेबाची आरती." आरती करायची नाही. पण माणूस ज्या कामासाठी आला त्यापेक्षा वेगळं काहीतरी त्याच्या हातून घडलं, आणि ते मला उपयोगाचं वाटतं.

उपदेशाच्या आणि शाळांच्या कामासाठी हिस्लॉप आणि हंटर पायी, घोड्यावर, बैलगाडीने फिरत. फिरताना दगड बघत. नागपूर ही त्यासाठी विलक्षण जागा आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा पाषाण इथे संपत येतो आणि पूर्वेकडचे जुने खडक इथे सुरू होतात. शहरालगतच्या टाकळी परिसरात त्यांना काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मधोमध एक वेगळाच पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, माशांचे खवले, झाडांची फळं आणि बिया, लाकडाचे तुकडे, अगदी किड्यांच्या पंखांची टणक आवरणंसुद्धा दगड होऊन बसलेली होती.

हा पातळ थर काय सांगतो ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथे आहे. काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. एक लाव्हा येऊन पसरला, थंड झाला. त्याच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साठलं. तळं झालं. काठाला झाडं उगवली, त्यांची बी तळ्यात पडली. गोगलगायी जन्मल्या, मेल्या, त्यांच्या पिल्लांना पिल्लं झाली. तळाशी गाळ साचत गेला, तोही सावकाश. मग पुन्हा जमीन फाटली आणि दुसरा लाव्हा त्या सगळ्यावरून वाहत गेला. असे थर दख्खनमध्ये एकावर एक आहेत, आणि त्यांच्या मधली तळी जागोजागी आहेत. सह्याद्रीकडे जाताना डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते याच थरांमुळे. एवढं सगळं एका दिवसात बसवता येत नाही, आणि सहा दिवसांतही नाही. त्यासाठी कुठलाही नास्तिक सिद्धांत लागत नाही. एक गोगलगाय पुरते.

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. त्याच वर्षी नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगली गावाजवळ सापडलेल्या एका कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेनने प्रसिद्ध केलं. 'डायनासोर' हा शब्द बनवणारा ओवेन तो हाच. कवटी डायनासोरची नव्हती, एका प्राचीन उभयचराची होती. हंटर आजारपणामुळे १८५५ मध्येच मायदेशी परतला. हिस्लॉप मात्र इथेच राहिला आणि नमुने पाठवत राहिला.

३

आता अडचणीच्या भागाकडे येते.

त्या काळातल्या मिशन शाळांमध्ये भूगोल आणि खगोलशास्त्र हे नुसते विषय नव्हते, ती हत्यारं होती. मुलाला पृथ्वीचा गोल दाखवला की मेरू पर्वत आणि दुधा-दह्याचे सात समुद्र आपोआप वाहून जातील, पाठोपाठ पुराणं जातील, मग मूल ख्रिस्ताकडे येईल, असा हिशोब होता. मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यासारख्यांचे वाद १८३० च्या दशकातच रंगले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये सुरू केलेल्या 'ज्ञानोदय'मध्ये ग्रह-ताऱ्यांची माहिती आणि हिंदू रूढींवरची टीका शेजारी शेजारी असायची. 'ज्ञानोदय' आमच्या आजोबांच्या घरीही यायचा. मी त्यावरच अक्षरं गिरवली.

पण हत्यार दुधारी होतं. इंग्रजी शिकलेल्या मुंबईच्या तरुणांच्या हाती बायबलबरोबर टॉमस पेनचं 'एज ऑफ रीझन'ही पडत होतं, आणि त्यात बायबलची चिरफाड होती. विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते आणि लोक ऐकायला गर्दी करत होते. पुराणांतल्या सात समुद्रांना तुम्ही भूगोलाची कसोटी लावता, मग उत्पत्तीच्या सात दिवसांना तीच का लावत नाही? हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

माझ्या धंद्यात 'कोड रिव्ह्यू' नावाचा प्रकार असतो. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने तपासायचा. दुसऱ्याचा प्रोग्राम तपासताना आम्ही सगळे कर्दनकाळ असतो. प्रत्येक ओळीला विचारतो, हे कशावरून? स्वतःचा तपासताना मात्र डोळे हव्या त्या ठिकाणी हवे तसे मिटतात. धर्मांचं नेमकं हेच होतं. मिशनऱ्यांना पुराणांतली एकेक चूक दिसली. माझ्या चर्चमधल्या लोकांना बाबा-बुवांचे अंगारे दिसतात, 'चमत्कारी' सभांमध्ये व्हीलचेअरवरून उठवली जाणारी माणसं तेवढी दिसत नाहीत.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला तेव्हा मी बारावीत होते. काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. आमच्याकडे दबक्या आवाजात समाधान होतं. हा कायदा 'त्यांच्यासाठी' आहे, असा सूर होता. बाबा एका रविवारी जेवताना म्हणाले, "त्यांच्यासाठी कसा? आपल्यातल्या त्या रोग बरे करणाऱ्यांना पण लागू आहे तो. आणि व्हायलाच पाहिजे." आईने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. दाभोलकर देव-धर्माला सरसकट विरोध करत नव्हते, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला विरोध करत होते, हे मी नंतर इंजिनिअरिंगला असताना त्यांची पुस्तकं वाचून समजून घेतलं. बाबांना ते आधीच माहीत होतं.

४

हिस्लॉपच्या मंडळीने स्वतःला ती कसोटी लावली का? मी हा प्रश्न घेऊन स्कॉटलंडकडे गेले, आणि उत्तराने चकित झाले.

पृथ्वी सहा हजार वर्षांची, हा आकडा बायबलमध्ये कुठेच लिहिलेला नाही. आयर्लंडमधला आर्चबिशप जेम्स अशर याने सतराव्या शतकात वंशावळ्यांतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी जोडून जगाची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये नेऊन ठेवली. त्याच्या काळातलं ते गंभीर संशोधन होतं. पुढे १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात ही सालं छापली जाऊ लागली, आणि समासातला मजकूर हळूहळू लोकांच्या मनात मूळ मजकुराइतकाच पवित्र झाला. माझ्या हातातल्या पाठपुस्तिकेपर्यंत तो असा आला.

फ्री चर्चचा पहिला सभापती टॉमस चामर्स. त्याने १८१४ मध्येच म्हणजे फ्री चर्च निघायच्या कितीतरी आधी, असं मांडलं की उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये वाटेल तेवढा काळ गेलेला असू शकतो. भूगर्भशास्त्रज्ञांना हवी तितकी युगं त्या फटीत मावतील. सनातनी कॅल्व्हिनिस्ट पाळक, पण दगडांशी भांडण नको म्हणणारा.

आणि दुसरा ह्यू मिलर. जन्म १८०२, क्रोमार्टीचा. शिकला तो दगडाच्या खाणीत. गवंडी म्हणून पाथरवटी करताना त्याच्या छिन्नीखाली खवल्यांचे विचित्र मासे येऊ लागले. हाच माणूस पुढे फ्री चर्चच्या बाजूच्या 'द विटनेस' या वृत्तपत्राचा संपादक झाला आणि त्याच्या 'द ओल्ड रेड सँडस्टोन' या १८४१ च्या पुस्तकाने घराघरांत भूगर्भशास्त्र पोचवलं. मिलरला आधी चामर्सची फट मान्य होती. मग खडकांतले शंख-शिंपले तपासताना त्याच्या लक्षात आलं की जुन्या जगाचा साफ शेवट आणि नव्या जगाची कोरी सुरुवात अशी रेघ कुठे सापडतच नाही. आज जिवंत असलेल्या जाती माणसाच्या आधीच्या थरांतही आहेत. म्हणून त्याने फट सोडून दिली आणि सृष्टीचे सहा दिवस म्हणजे सहा प्रदीर्घ कालखंड, असा अर्थ धरला. नोहाचा जलप्रलय साऱ्या पृथ्वीवर झाला हेही त्याने नाकारलं. हे सगळं त्याच्या मृत्यूनंतर १८५७ मध्ये आलेल्या 'द टेस्टिमनी ऑफ द रॉक्स'मध्ये आहे.

मिलरचा शेवट वाईट झाला. डिसेंबर १८५६ मध्ये, हे पुस्तक हातावेगळं होत असतानाच, त्याने गोळी झाडून घेतली. धर्म आणि विज्ञान यांच्या ओढाताणीने त्याचा बळी घेतला, अशी गोष्ट नंतर पुष्कळांनी सांगितली. ती ऐकायला चटकदार आहे. पण तो मेंदूच्या कुठल्याशा आजाराने पिडलेला होता, भास होत होते, याच्या खुणा त्याच्या अखेरच्या दिवसांत स्पष्ट दिसतात. आजारी माणसाच्या मरणावर आपला मुद्दा टांगायची घाई दोन्ही बाजूंना असते.

मिलर सगळ्याच बाबतींत बरोबर नव्हता. एका जातीतून दुसरी जात उत्क्रांत होते ही कल्पना त्याने जोराने खोडून काढायचा प्रयत्न केला, आणि त्यात तो चुकला. सहा दिवसांचे सहा कालखंडही आज कुणी भूगर्भशास्त्रज्ञ मांडणार नाही. मला त्याच्या उत्तराचं कौतुक नाही. एक उत्तर दगडांशी जुळेना, तर ते उत्तर त्याने टाकून दिलं, दगड टाकून दिला नाही. आणि ते करताना त्याला आपला ख्रिस्त हरवल्यासारखं वाटलं नाही.

हिस्लॉप याच हवेत वाढलेला. त्याने टाकळीच्या गोगलगायीला जुन्या कराराच्या बाजूने साक्ष द्यायला उभं केलं नाही. कुठल्या थरात, कशाच्या वर, कशाच्या खाली, एवढं लिहिलं.

तोही चुकला. टाकळीचा थर त्याने तृतीयक म्हणजे डायनासोर नष्ट झाल्यानंतरच्या युगातला धरला. आज आपल्याला माहीत आहे की दख्खनचे हे लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, डायनासोरांच्या अस्ताच्या ऐन वेळचे आहेत. ज्या पिसदुऱ्याच्या हाडांची हिस्लॉपच्या काळात नोंद झाली, त्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने २००५ मध्ये पुन्हा सगळ्यांना चकित केलं. तिथल्या डायनासोरांच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म अंश सापडले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं, असं तोवर मानलं जात होतं. ते पुस्तकांतून बदलावं लागलं. हिस्लॉपची चूक अशीच दुरुस्त झाली. त्याचा कुणी अपमान मानला नाही. चूक दुरुस्त झाली याचा आनंद मानणारी ही जी सवय आहे, ती मला चर्चमध्ये हवी होती.

५

हिस्लॉपने आणखी एक काम केलं. तो गोंडांच्या वस्त्यांवर गेला, त्यांची भाषा टिपून घेतली, आणि परधान गायकांकडून लिंगोची गाणी उतरवून घेतली. गोंड कुठून आले, त्यांना देव कसे मिळाले, याची ती कथा आहे. दुसऱ्याच्या उत्पत्तीची कथा हसण्यावारी न नेता शब्दशः लिहून घेणं हे मिशनऱ्याच्या कामात बसत होतं की नाही, कुणास ठाऊक. त्याने घेतली. हे कागद त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला नाव दिलं तेही गोंडांवरून, गोंडवाना.

टेंपल मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त होता. ४ सप्टेंबर १८६३ ला तो आणि हिस्लॉप टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळांचं उत्खनन बघायला गेले होते. परतताना टेंपल पुढे निघाला, हिस्लॉप मागे राहिला. बोरीजवळचा नाला पावसाने फुगलेला होता. अंधारात हिस्लॉप त्यात बुडाला. शेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस होते. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं.

तो वाचावा म्हणून कुणी प्रार्थना केली असेल का, असा प्रश्न मला वाचताना पडला. मग लक्षात आलं की मी हिस्लॉपबद्दल विचार करतच नाहीये.

एप्रिल २०२१. नागपुरात बेड नव्हते, ऑक्सिजन नव्हता. बाबांना बेड मिळाला तो चौथ्या दिवशी. मंडळीने साखळी प्रार्थना लावली होती. तासातासाने एकेका घराने गुडघे टेकायचे. पहाटे तीनचा तास माझा होता. मी एका हाताने ऑक्सिजन सिलिंडरसाठी मेसेज टाकत होते आणि दुसऱ्या हातात बायबल होतं. अकराव्या दिवशी बाबा गेले. कब्रस्तानात आम्हा पाच जणांना सोडलं.

महिन्याभराने मंडळीतले एक गृहस्थ भेटायला आले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. चहा घेता घेता म्हणाले, "प्रार्थना झाल्या, पण कुठेतरी आपला विश्वास कमी पडला, बेटा." मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून चर्चला जाणं बंद केलं. दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत मी प्रार्थनेची इंजिनिअरसारखी तपासणी केली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली ते सगळे वाचले का? नाही. ज्यांच्यासाठी नाही झाली ते सगळे गेले का? नाही. मग निष्कर्ष काय? तो काढायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. तरी मन मोकळं झालं नाही. कारण मला खरा राग देवाने उत्तर दिलं नाही याचा नव्हता. बाबांच्या मरणाचं उत्तर कुणीतरी इतक्या सहज तयार करून माझ्या हातात ठेवलं याचा होता. ते पाठपुस्तिकेतल्या सहा हजारांसारखं उत्तर होतं. समासात छापलेलं, आणि मूळ मजकूर समजून वाचलेलं.

मूळ मजकुरात ईयोबाची गोष्ट आहे. त्याची मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर गळवं झाली. मित्र येऊन समजावतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब देवाशी भांडतो, जाब मागतो. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो तो मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, असं तो त्यांना सांगतो. भांडणारा ईयोब मात्र त्याला चालतो. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मी त्या गृहस्थांना सांगू शकले असते. तेव्हा आठवली नाही.

६

आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांत शंकेला परकी पाहुणी समजायची पद्धत आहे. कॉलेजात शिकून, मोबाइलवरून, पुरोगामी मित्रांकडून ती घरात शिरते, असं मानतात. इतिहास उलटा आहे.

बाबा पदमनजी घ्या. जन्म १८३१, बेळगावचे. ख्रिस्ती होण्याआधी त्यांचा संबंध मुंबईच्या परमहंस मंडळीशी होता. जातिभेद मोडायला गुप्तपणे एकत्र जेवणारी, जुन्या समजुतींची उलटतपासणी करणारी ही मंडळी. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी ते बऱ्याच शंकांतून गेले, आणि ते सगळं त्यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात मांडलं. 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या दुःखाला मराठीत वाचा फोडणारे हेच. शंका घेतली नसती तर ते ख्रिस्ती झालेच नसते.

आमचं घराणं पदमनजींसारखं शिकलेलं नव्हतं. नगर जिल्ह्यातलं, गावकुसाबाहेरचं. पणजोबांच्या आधीच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला. दुष्काळ होता, मिशनची भाकरी होती, शाळा होती. लोक 'भाकरीचे ख्रिस्ती' म्हणून हिणवायचे. पण भाकरीबरोबर त्यांनी एक फार मोठी शंकाही घेतली होती. तुझी जागा गावाबाहेर आहे, ती देवानेच ठरवली आहे, असं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं होतं. ते त्यांनी खरं मानायचं सोडलं. यापेक्षा मोठा संशयवाद मला तरी माहीत नाही. त्यांच्या पणतीने पाठपुस्तिकेतल्या आकड्यावर शंका घेऊ नये, असं म्हणणं हा त्यांचा अवमान आहे.

मी चर्चला परत गेले ती पटलं म्हणून नाही. आई एकटी जात होती, गुडघे दुखत होते, रिक्षात बसवून द्यायला जायचे. मग एकदा आत बसले. बाबांना आवडणारं भजन लागलं. मी गायले. त्यातल्या प्रत्येक ओळीवर माझा विश्वास होता का? नव्हता. पण त्या बाकावर बसले की बाबांचा आवाज ऐकू येतो, आणि ज्याच्याशी ते आयुष्यभर बोलत होते त्याच्याशी भांडायला तरी मला तिथेच जावं लागतं. घरी बसून ते भांडण होत नाही.

७

पुढच्या रविवारी मी दगड घेऊन वर्गात गेले. जायच्या आधी पाळकसाहेबांना सांगितलं की मी पुस्तिकेतला तो परिच्छेद शिकवणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "पालकांनी विचारलं तर?" मी म्हटलं, "माझ्याकडे पाठवा." ते म्हणाले, "ठीक आहे. पण मुलांची श्रद्धा मोडू नका." मला ती काळजी खोटी वाटली नाही. माझीही तीच होती.

दगड हातोहात फिरला. कुणी वास घेतला, कुणी नखाने खरवडून पाहिला. मी लाव्हा सांगितला, तळं सांगितलं, पुन्हा लाव्हा. हे सगळं आपल्या टाकळीत, इथून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ. हे शोधणारा माणूस आपल्यासारखाच रविवारी उपासनेला बसायचा, हेही सांगितलं.

"मग सात दिवस खोटे?" तीच मुलगी.

मी म्हटलं, "ज्यांनी ते लिहिलं त्यांना गोगलगायीचं वय मोजता येत नव्हतं, आणि त्यांना ते मोजायचंही नव्हतं. त्यांच्या आजूबाजूचे लोक सूर्याची, चंद्राची पूजा करत होते. यांनी लिहिलं की सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी केलेले दिवे आहेत, त्यांना भिऊ नका. जग कुणाचं आहे ते सांगायचं होतं त्यांना. कधी आणि कसं झालं, ते दगड सांगतात. दगड जे सांगतात तेही देवाचंच आहे असं मी मानते. पण मी मानते म्हणून तू मानू नकोस. मोठी झालीस की तपासून बघ."

तिने थोडा विचार केला. "आणि आदाम?"

"त्याचं पुढच्या रविवारी," मी म्हटलं, आणि सगळे पुन्हा हसले. आदामाचं खरंच अवघड आहे. ते मी अजून नीट सांगू शकलेले नाही. त्या मुलीच्या आईने फोन करून विचारलं, तुम्ही मुलांना काय शिकवता? आम्ही पाऊण तास बोललो. मुलगी अजून वर्गाला येते. दुसऱ्या एका घराने मुलाला पाठवायचं बंद केलं, त्याचं मला वाईट वाटतं.

प्रार्थनेचं काय, हा माझा हिशोब अजून मिटलेला नाही. रात्री जेवायला बसताना आई म्हणते, "तू कर आज." मी डोळे मिटते, अन्नासाठी आभार मानते. आजारी माणसांची नावं घेते. नावं घेतल्याने ते बरे होतील असं मी कुणालाही सांगणार नाही. पण नाव घेतलं की तो माणूस जेवणाच्या ताटापर्यंत येतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन करायची आठवण राहते. सध्या माझ्याजवळ एवढंच आहे.

दगड पुन्हा टेबलावर ठेवला आहे, बिलांच्या गठ्ठ्यावर. जूनचं बिल भरायचं राहिलं होतं, तेही त्या रात्री भरून टाकलं.